गादीच्या चालीवर गुडघा

३ जुलै

ताई,

नमस्कार. वाकून करायला तू समोर नाहीस, म्हणून उभ्यानेच.

फोनच करणार होतो, पण आईची फोनबंदी आठवली. आपण दोघं फोनवर आलो की दुसऱ्या वाक्याला भांडण आणि चौथ्या वाक्याला आईचं ब्लडप्रेशर. तेव्हा जे काही भांडायचं ते कागदावर, हा तिचा हुकूम मला मनापासून मान्य आहे. कागदावर निदान तू मध्येच बोलत नाहीस.

माझ्यावर संकट आलंय. आमच्या संचालिकाबाई कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आल्या. तिथे त्यांना कुणीतरी सांगितलं की परकी भाषा शिकवताना शब्द गाण्यातून शिकवावेत, म्हणजे ते विसरत नाहीत. झालं! बाई आल्या त्या टाळ्या वाजवतच आल्या. सोमवारपासून प्रत्येक वर्गात गाणं झालंच पाहिजे, आणि तेही मास्तरने स्वतः म्हटलेलं. मी म्हणालो, बाई, माझ्या वर्गात मोठी माणसं येतात, दिवसभर राबून संध्याकाळी येतात, त्यांना टाळ्या काय वाजवायला लावता? तर म्हणाल्या, "सर, तुमच्यातलं मूल मेलंय." माझ्यातलं मूल जिवंत आहे गं, फक्त त्याला गाता येत नाही.

तुला आठवत असेलच. शाळेच्या प्रार्थनेला संगीताच्या बाई मला म्हणाल्या होत्या, "तू नुसते ओठ हलव." आणि पेटीवर बसलेली तू तोंडात ओढणी कोंबून हसत होतीस.

मी हसण्यावारी नेलं असतं, पण या वर्गात आमचे सलूनवाले आहेत. त्यांची बायको परदेशात एका वृद्धाश्रमात काम करते. मुलगी तिच्याजवळच असते. यांना तिकडे जायचं तर आधी भाषेची पहिली परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर परवानगी नाही. दोनदा नापास झालेत. लेखी जमतं, तोंडी परीक्षेला वाचा बसते. दिवसभर कात्रीपेक्षा ज्याची जीभ जास्त चालते तो माणूस परीक्षकासमोर बसला की नुसता घाम पुसतो. बायकोने आता सांगितलंय, यावेळी नाही जमलं तर मीच सगळं सोडून परत येते. मुलीची शाळा, तिची पक्की नोकरी, सगळं जाणार. परीक्षा सप्टेंबरात आहे.

तर ताई, एक सोपी चाल दे. शरीराच्या अवयवांचे शब्द सोबत लिहिलेत, डोक्यापासून पायापर्यंत, ओळीने. कुठे श्वास घ्यायचा तेही लिही, कारण मला तेही कळत नाही.

तुझा,
ओठ हलवणारा

९ जुलै

मास्तर,

आशीर्वाद घे, चालीबरोबर फुकट आहे.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "पण त्याला आत्ताच कशी आठवण झाली तुझ्या चालींची?" जाहिरातीच्या गाडीवर भोंग्यातून जी गाणी वाजतात ती तुझी बहीण करते, हे तू आजवर चारचौघांत कधी सांगितलेलं नाहीस. तुझ्या लग्नात तुझ्या मित्रांना सांगत होतास, "ताई संगीत क्षेत्रात आहे." क्षेत्रात! मी काय पीक काढते?

असो. तुझे शब्द पाहिले. किती ती जोडाक्षरं! ही माणसं एकमेकांशी भांडतात तरी कशी? अर्ध्या शिवीलाच दम लागत असेल. तरी बसवलं. नवी चाल करायला मला सवड नाही, दोन रंगवाले आणि एक शिकवणीवाला दाराशी बसलेत, म्हणून तयारच होती ती दिलीय. गादीच्या सेलसाठी केली होती. "पाठीला विचारा, मानेला विचारा, गादीवर आमच्या एकदा पसरा!" त्यात पाठ-मान आधीच असल्याने तुझे अवयव अगदी आपल्या घरी आल्यासारखे बसले. तुझ्या भाचीने मोबाइलवर पाठवलंय.

एक अट आहे. मोबाइलवर लाव आणि गप्प बस. तू स्वतः गाऊ नकोस. मी हे बहीण म्हणून सांगत नाही, चालीची आई म्हणून सांगतेय.

तुझी ताई

ता. क. बाळा, मी आई. वेळेवर जेव. गुडघा जरा दुखतोय पण काळजी नको. कधी येतोस? आणि खरंच गाऊ नकोस रे.

२८ जुलै

ताई,

मी गायलो!

मोबाइल लावला तर संचालिकाबाई आत शिरल्या आणि म्हणाल्या, "यंत्र नको, माणूस हवा." मग काय, उभा राहिलो आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला वर्गातल्या नर्सबाईंनी डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला इंजिनियर आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. तिसऱ्या ओळीला सलूनवाल्यांना राहवेना. ते उठून उभे राहिले आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात, बरोबर सुरात, पुढची ओळ म्हणाले. मग नर्सबाई त्यांच्या मदतीला धावल्या. मला बुडवण्यासाठी अख्खा वर्ग जीव तोडून गात होता. आणि ताई, तास संपला तेव्हा केसांपासून टाचेपर्यंत सगळे शब्द सगळ्यांना पाठ! मी ज्या शब्दांसाठी पूर्वी महिनाभर डोकं फोडायचो ते एका संध्याकाळीत झाले.

आता सलूनवाले गिऱ्हाइकाची दाढी करताना तेच म्हणतात. हनुवटीवर वस्तरा आला की हनुवटीची ओळ. गिऱ्हाइकं पण म्हणतात, मान न हलवता.

बाई तर हवेत आहेत. माझा फोटो काढला, टाळ्या वाजवतानाचा, दर्शनी भागात लावला. पुढच्या कार्यशाळेत मी "गीतमार्गाने शब्दसंपदा" या विषयावर बोलायचंय. माझ्या पद्धतीबद्दल. त्यांनी विचारलं, ही गोड चाल कुठली? आता त्यांना गादीच्या सेलची चाल म्हणून कसं सांगणार? मी म्हटलं, "तिकडचंच लोकगीत आहे, खेडेगावातलं." बाईंचे डोळे भरून आले.

आता घरातल्या वस्तूंचं गाणं पाठव. पलंग, खुर्ची, दार, खिडकी, दिवा. शिवाय नातेवाइकांचं एक. सलूनवाल्यांना मुलीसाठी हवंय. ती आता फोनवर तिकडच्याच भाषेत बोलते, आणि हे नुसते "हो हो" करतात. ती काय विचारते तेच कळत नाही म्हणाले. सांगताना हसत होते, पण मला काही ते हसणं पाहवलं नाही.

आईला सांग, परीक्षा झाल्या की येतो.

तुझा,
गायक भाऊ

४ ऑगस्ट

गायक भाऊ,

तिकडचं लोकगीत. खेडेगावातलं. वा!

मी ती चाल आपल्या मागच्या खोलीत केली, कुकरच्या शिट्ट्या चुकवत. गादीवाल्याने ती तीनदा परत पाठवली, "अजून झोप येत नाही" म्हणून. आणि तुझ्या तोंडून ती कुठल्यातरी मेंढपाळाने डोंगरावर केली! तुझ्या पद्धतीला, तुझ्या फोटोला, तुझ्या भाषणाला माझ्या शुभेच्छा. मला राग आलेला नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, म्हणजे समज.

गाणी केली आहेत. घरातल्या वस्तूंचं आणि नातेवाइकांचं. ऐक आणि वाजव, तुला काय, सगळं सारखंच.

एक धंद्यातली गोष्ट सांगते, फुकट. रोज गाणं पहिल्या ओळीपासून घोकून घेऊ नकोस. माझ्याकडे एक ढोलवाला आहे, अप्रतिम वाजवतो, पण मध्येच थांबवलं की पुन्हा आरंभापासूनच सुरू करतो. त्याला मधला तुकडा सुटा येतच नाही. तुझी माणसं तशी करून ठेवशील. पण तुझी "पद्धत" आहे, मी कोण सांगणार?

आणि हो, गादीवाल्याने तुमच्या गावात दुकान उघडलंय. पुढच्या महिन्यापासून त्याची गाडी तुमच्या रस्त्यांवर फिरेल, तिकडचं लोकगीत वाजवत.

ताई

ता. क. बाळा, ही सारखी ते शब्द गुणगुणते, त्यामुळे मलाही यायला लागलेत. गुडघ्याला काय म्हणतात ते तर पक्कं झालंय. दुखला की तेच म्हणते, जरा बरं वाटतं. तू आलास की म्हणून दाखवीन. आई.

१ सप्टेंबर

ताई,

तू माझा घात केलास.

काल सराव म्हणून तोंडी परीक्षा घेतली. सलूनवाल्यांना समोर बसवलं, माझ्या गुडघ्याला हात लावला आणि तिकडच्या भाषेत विचारलं, "हे काय?" ते छताकडे बघायला लागले. ओठ हलायला लागले. पायाने ठेका. मी वाट बघतोय. केस झाले, कपाळ झालं, नाक-कान झाले, खांद्यावर आले, छातीवर जरा श्वास घेतला, आणि पोटावरून उतरत उतरत एकदाचे गुडघ्यावर पोचले आणि ओरडले! शब्द बरोबर. पण तोवर कुठल्याही परीक्षकाने चहा पिऊन पुढच्या माणसाला बोलावलं असतं.

नर्सबाईंचं तेच. इंजिनियर आजोबांचंही तेच. मुलगी कुणाला म्हणतात विचारलं तर सलूनवाले पणजोबांपासून निघतात. सगळा वर्ग माझ्यासमोर बसून ओठ हलवतोय! माझंच बालपण माझ्यावर उलटलं.

हे कमी म्हणून की काय, सलूनवाले मानेपर्यंत नीट येतात आणि पुढे "पाठ" म्हणायच्या जागी "पलंग" म्हणतात. मग खुर्ची, दार, खिडकी. मी म्हटलं, अहो, शरीरातून घरात कसे शिरलात? तर नर्सबाई म्हणाल्या, "सर, दोन्ही गाण्यांची चाल एकच आहे ना." एकच? मला कुणी सांगितलंच नाही! तू तीच गादी मला दोनदा विकलीस. मला सूर कळत नाहीत हे तुला माहीत आहे, आणि त्याचा तू फायदा घेतलास.

परीक्षा तोंडावर आहे. सलूनवाले काल जाताना म्हणाले, "सर, राहू द्या. तिला सांगतो, ये परत." काहीच तक्रार नाही, आवाजात एकही चढउतार नाही. मला रात्री जेवण गेलं नाही. मी गाणी बंद करतोय. पुन्हा तक्ते लावतो, जे काय व्हायचं ते होऊ दे.

भाऊ

५ सप्टेंबर

गाढवा,

हो, तीच चाल पाठवली. मुद्दाम पाठवली. तू माझी चाल मेंढपाळाला देऊन टाकलीस, म्हटलं बघू याला ओळखता येते का. ओळखता आली नाही. मजा वाटली, दोन दिवस हसत होते. पण यात तुझ्या सलूनवाल्यांचा बळी जाईल हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आता मलाही जेवण जात नाहीये. आई दोघांनाही शिव्या घालतेय, तुला कमी.

पण गाणी बंद करशील तर याद राख. चूक गाण्याची नाही, तू ती रोज वरून खाली घोकवलीस त्याची आहे. नीट वाच, आणि मध्ये बोलू नकोस, कागद आहे.

गाडीवरचं गाणं कुणीही पहिल्यापासून ऐकत नाही. गाडी कोपऱ्यावरून वळते, कुणी खिडकीत उभं असतं, कुणी रस्ता ओलांडत असतं, त्याच्या कानावर मधलाच एखादा तुकडा पडतो आणि गाडी पुढे जाते. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे की गादी आहे, रंग नाही. म्हणून मी गाणं करताना ते आधी कुठूनही तोडून बघते. ढोलवाल्याला मी मध्येच अडवते आणि सांगते, इथून! आता इथून! चिडतो, पण शिकतो.

तसंच कर. उद्यापासून गाणं पहिल्या ओळीने सुरू करायचं नाही. मोबाइल कुठेही लाव, कुठेही बंद कर, पुढचा शब्द त्यांनी म्हणायचा. गाण्यात प्रश्न घाल: तू गाऊन विचार "कुठे दुखतं?", त्यांनी उत्तर द्यायचं, दरवेळी वेगळं. दोन गाण्यांची चाल एकच आहे ना, मग एकातून दुसऱ्यात उड्या मारू देत, पाठीवरून पलंगावर, पलंगावरून पाठीवर. आणि तू स्वतः गा. होय, मीच सांगतेय. चुकीचं गा. टाचेच्या जागी नाक म्हण. तू गायलास की लोकांना ते थांबवावंसं वाटतं, ही तुझ्याकडची एकच सांगीतिक शक्ती आहे, ती वापर. मध्येच ओरडून बरोबर शब्द सांगायची सवय लागली की परीक्षकासमोरही तोंड उघडेल.

आणि हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तू मला चाल मागितलीस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आपल्या घरात माझ्या कामाबद्दल कुणी काही विचारलं ते पहिल्यांदाच. म्हणून तो मेंढपाळ इतका झोंबला.

ताई

२६ सप्टेंबर

ताई,

सगळं सांगतो, क्रमाने. तूच म्हणतेस क्रम सोडायला, पण आज नाही.

तू सांगितलंस तसं केलं. मी चुकीचं गायचो, ते मला फाडून खायचे. नर्सबाईंनी तर एकदा टेबलावर हात आपटला, "नाक नाही हो सर, टाच!" तिकडच्या भाषेत, अख्खं वाक्य! संचालिकाबाईंना वाटलं वर्गात मारामारी चाललीय.

मग ती गाडी आली. सलूनवाल्यांच्या दुकानापुढूनच रोज जायची. ते धावत माझ्याकडे आले, "सर, तुमचं लोकगीत गादीवाल्याने चोरलं!" पोलिसांकडे निघाले होते. मग मला खरं सांगावं लागलं. म्हटलं, चाल माझ्या ताईची आहे, आणि आधी गादीचीच आहे. ते इतके हसले की भिंतीला टेकले. आणि संध्याकाळी जाऊन ती गादी विकत घेऊन आले. "सरांच्या ताईंची चाल आहे, माल चांगलाच असणार." ताई, तुझी चाल उत्तम आहे, पण त्या गादीत काय भरलंय ते देवाला माहीत. दुसऱ्या दिवसापासून माणूस वाकडा चालायला लागला.

परीक्षेच्या दिवशीही तसेच वाकडे आले. परीक्षक बाई तिकडच्याच, चष्म्यावरून बघणाऱ्या. आमच्या संचालिकाबाई कोपऱ्यात हसतमुख बसलेल्या. मी दाराबाहेर, काचेला कान लावून.

परीक्षक बाईंनी एक चित्र पुढे केलं आणि काहीतरी विचारलं. सलूनवाल्यांनी घाम पुसला. मग छताकडे बघितलं, आणि ताई, त्यांचे ओठ हलायला लागले. पहिल्या ओळीपासून! बाईंनी पेन उचललं.

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यावरून गाडी वळली. मधूनच सुरू. "...मानेला विचारा, गादीवर आमच्या..."

सलूनवाले थांबले. खिडकीकडे बघितलं आणि हसले. परीक्षक बाईंनी वैतागून विचारलं, हा कसला आवाज? संचालिकाबाई टुणकन उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याच देशातलं लोकगीत! आमच्या सरांनी शोधून काढलेलं!" परीक्षक बाई म्हणाल्या, "मी तिथेच जन्मले, हे मी कधी ऐकलेलं नाही." संचालिकाबाईंनी दाराकडे जे बघितलं ना, मी काचेवरून कान काढला. मग राहवेना, परत लावला.

आणि सलूनवाले बोलायला लागले. मराठीत सांगतो, पण जसंच्या तसं. "लोकगीत नाही. हे पलंग विकतात. स्वस्त. मी घेतला. माझी पाठ, वाईट. मान, वाईट. गुडघा, चांगला." परीक्षक बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी विचारलं, मग परत का देत नाही? हे म्हणाले, "गाणं, सरांची बहीण. गाणं चांगलं." मग परत खिडकीकडे बघितलं. "पलंग मोठा. बायको लांब. मुलगी लांब. मी एकटा, मोठा पलंग."

गाडी लांब गेली होती. परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला आणि चित्र उलटं करून ठेवलं. मग विचारलं, "तुम्ही कधी जाणार?" हे त्यांच्या प्रश्नांत नव्हतं, मला सगळे प्रश्न पाठ आहेत.

सलूनवाले लगेच म्हणाले, "तुम्ही हो म्हणाल तेव्हा."

पास झाले, ताई. पाठ आणि पलंग तू एकाच चालीत घातलेस म्हणूनच ते दोन शब्द एकमेकांचा हात धरून त्यांच्या जिभेवर आले. तू मुद्दाम केलेल्या खोडीने माणूस पास झाला, आणि माझ्या तक्त्यांनी दोनदा नापास झाला होता. मी जिन्यात बसून रडलो. सलूनवाले माझ्या शेजारी बसले आणि माझे केस बघून म्हणाले, "सर, मागून फार वाढलेत."

संचालिकाबाईंनी बोलावून विचारलं, ही चाल नक्की कुणाची? मी म्हटलं, माझ्या ताईची. ती जाहिरातीच्या गाड्यांची गाणी करते आणि या कामात तिच्याइतकं कुणाला कळत नाही. दर्शनी भागातला माझा फोटो उतरवलाय. तिथे आता खिळा आहे. बरा दिसतो.

भाषण तुलाच करायचंय, बाईंचा निरोप आहे.

भाऊ

११ फेब्रुवारी

ताई,

इतके महिने लिहिलं नाही. नवा वर्ग, नवी माणसं, त्याच संचालिकाबाई. आता त्यांच्या डोक्यात नाच आलाय.

पण आज सलूनवाल्यांचा निरोप आला, तो तुझ्यापर्यंत पोचलाच पाहिजे. पोचले, स्थिरावले, एका दुकानात लागलेत. पहिल्या दिवशी विमानतळावर मुलीने तिकडच्या भाषेत काहीतरी विचारलं. आणि या माणसाला ते कळलं! फोनवर ती रोज तेच विचारायची म्हणे, आणि हे "हो हो" करायचे. ती विचारत होती, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?" हसून हसून पुरेवाट झाली म्हणाले. बायको मात्र रडली.

आणि ऐक. मुलगी अवयवांचं गाणं बाबांकडून शिकली, शाळेत जाऊन मैत्रिणींना शिकवलं. आता अख्खा वर्ग मैदानात उड्या मारत म्हणतो. बाकीच्या वर्गांतही गेलंय. तिच्या शिक्षिकेने विचारलं, हे कुठलं गाणं? एक मुलगा म्हणाला, "इथलंच आहे, आमच्या गल्लीत सगळे म्हणतात."

म्हणजे मी थाप मारली नव्हती. जरा लवकर बोललो, एवढंच.

तुझा,
दूरदृष्टीचा भाऊ

१७ फेब्रुवारी

मास्तर,

पत्र वाचून मी पेटी उघडली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. माझी चाल मैदानात! एवढ्या गाड्यांवर एवढी वर्षं वाजले, पण मागे लागून कुणी उड्या मारल्या नव्हत्या. छातीत काहीतरी झालं. त्या अवयवाला तिकडच्या भाषेत काय म्हणतात ते मला येतं, सुटं येतं, वरून खाली न येता.

गादीवाल्याला कळू देऊ नकोस, नाहीतर तिकडे दुकान काढेल आणि सगळा देश वाकडा होईल.

भाषणाला येणार नाही. तुझ्या बाईंना सांग, मला बोलता येत नाही, मी संगीत क्षेत्रात आहे. खालची जागा आईने मागितलीय.

ताई

बाळा, मी आई. तुझं पत्र हिने वाचून दाखवलं. त्या सलूनवाल्याचं फार कौतुक वाटलं. आपल्या माणसांकडे जायचं म्हणून तो या वयात अख्खी भाषा शिकला. गुडघ्याला तिकडे काय म्हणतात ते मी म्हणून दाखवणार होते, अजून लक्षात आहे, कारण अजून दुखतोय. तुला तर आमची भाषा लहानपणापासून येते. तू कधी येतोस?